थराखालचा पत्रा

काकूंनी नाक दाबलं, डोळे मिटले आणि व्हिनेगरचे दोन चमचे एका घोटात पोटात ढकलले. मग बाटली इस्त्रीच्या टेबलाखाली, खळीच्या डब्यामागे, होती तशी सरकवून ठेवली.

"तिसरा महिना चाललाय," चादरीची घडी घालता घालता सून म्हणाली. "मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"तुला सगळं दिसतं. अभ्र्यावरची सुरकुती तेवढी दिसत नाही."

सुनेनं अभ्रा पुन्हा ताणला.

पस्तीस वर्षं ही लाँड्री दोन गोष्टींवर चालली होती, मागच्या खोलीतल्या बॉयलरवर आणि काकूंच्या तोंडावर. गल्लीतले लोक पाठीमागे त्यांना 'वाफ' म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. हल्ली जिन्याच्या आठव्या पायरीवर काकूंच्या छातीत कुणीतरी मूठ आवळायचं. तपासणीत निघालं, हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम साठलंय. गोळ्या मिळाल्या. काकूंनी त्या कपाटात साड्यांखाली ठेवून दिल्या. शाळा चौथीत सुटली असली तरी साठलेला चुना कसा काढायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. इथलं पाणी जड. इस्त्रीच्या टाकीत पांढरा थर धरायचाच, आणि व्हिनेगर ओतलं की सुटायचाही. म्हणून त्यांनी दूध बंद केलं आणि व्हिनेगर सुरू केलं.

दुपारी दवाखान्यात सुनेनं सगळं सांगून टाकलं. एका दमात, खिडकीकडे बघत.

डॉक्टरीणबाई वयानं काकूंच्या मुलीएवढी. तिनं पेन खाली ठेवलं.

"काकू, व्हिनेगर पोटात जातं. रक्तवाहिनीतलं कॅल्शियम त्यानं विरघळत नाही. पोट मात्र जाळून घ्याल. आणि दुधानं तुमचं काही घोडं मारलेलं नाही."

"मग साठलं कशानं?"

"पंधरा वर्षं ब्लडप्रेशर अंगावर काढलंत. त्यात कोलेस्टेरॉल वाढलेलं. वाहिनीच्या आतल्या भिंतीला आधी इजा होते, तिथे चरबी बसते. शरीर आपल्या परीनं ती जागा बुजवत राहतं. कॅल्शियम येतं ते मागाहून."

"बरं. काढणार कधी?"

"काढणार नाही."

"मग दवाखाना कशाला उघडलाय?"

सून खोकली. डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं कागदावर एक नळी काढली, आत कडेकडेनं पेन्सिल फिरवली.

"हा कडक झालेला भाग सहसा फुटत नाही. फुटतो तो मऊ थर, आणि झटका येतो तो त्यानं. गोळ्या मऊ थराला घट्ट करतात, नवा साठू देत नाहीत. वाट फारच अरुंद झाली, तर आत बारीक यंत्र घालून तेवढ्यापुरतं घासतात आणि जाळी बसवतात. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही."

"म्हणजे चुना तसाच ठेवायचा?"

"तसाच. तो आता भिंतीचाच भाग झालाय. सगळा खरवडायला गेलो तर भिंतीलाच भोक पडेल."

काकूंनी नळी काढलेल्या कागदाची घडी घातली आणि त्या उठल्या. सुनेनं पिशवी उचलली.

असंच काकूंनी आधीही एकदा ऐकलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, बॉयलरच्या खोलीत, धाकट्या दिराच्या तोंडून. तेव्हा बॉयलर तोच सांभाळायचा. "वहिनी, पत्रा पातळ झालाय. थरानंच भोकं बुजवलीत. खरवडू नका, मी नवा पत्रा बसवून देतो." काकूंना कुणी 'नका' म्हटलेलं खपत नसे. तो जेवायला गेला तेव्हा त्यांनी ॲसिडची बादली आत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या नव्वद चादरी तयार व्हायच्या होत्या, आणि तो परतेपर्यंत बॉयलर चार ठिकाणी फुटून खोलीभर गरम पाणी झालं. सगळ्या कामकऱ्यांसमोर काकू म्हणाल्या, "भावजींनी वॉल्व्ह ढिला ठेवला." दिरानं हात पुसले, फडकं खुंटीला अडकवलं आणि तो निघून गेला. गल्लीच्या वरच्या टोकाला त्यानं पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

घरी आल्यावर काकूंनी साड्यांखालून गोळ्या काढल्या, एक घेतली. व्हिनेगरची बाटली त्यांनी इस्त्रीच्या टाकीत उपडी केली. मग चपला घातल्या.

"आता कुठे?" सुनेनं विचारलं.

"तुला सगळं दिसतं ना? बघ मग."

चढ फार नव्हता, तरी त्या दोनदा थांबल्या. दुकानात दीर पंपाचं झाकण उघडून बसला होता. केस पार पांढरे झालेले. त्यानं पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि पुन्हा पंपात डोकं घातलं.

"भावजी."

"बॉयलर बंद पडलाय का?"

"बॉयलरला काय धाड भरलीये! चांगला चाललाय." काकूंनी दाराची चौकट धरली. इथवर येताना जे जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. "त्या दिवशी वॉल्व्ह घट्ट होता. ॲसिड मी घातलं होतं."

दिराचा पाना थांबला नाही. त्यानं एक बोल्ट काढला, पुसला, ताटलीत ठेवला.

"माहीत आहे, वहिनी. जेवून आलो तेव्हा खोलीभर वास होता."

त्यानं दुसऱ्या बोल्टला पाना लावला आणि पायानं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा आधी. दम लागलाय तुम्हाला."

काकू बसल्या.