पुंजाजींच्या कमरेचा वळ

दचकू नका, कपाटातून मीच बोलतोय. मी एक सूक्ष्मदर्शक. जन्म जर्मनीचा. मुंबईच्या एका दुकानात काचेआड थोडे दिवस मिरवलो आणि साठ सालच्या सुमारास अमरावतीच्या एका दवाखान्यात येऊन पडलो. मोठमोठे शोध आपल्याच भिंगातून लागणार, अशी माझी खात्री होती. नशिबी आली वऱ्हाडातल्या पुरुषांची कंबर.

माझ्या मालकीण डॉक्टर वच्छलाबाई. त्यांचं संशोधन त्वचेच्या कर्करोगावर. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून आवळलं की कमरेवर काळा वळ उठतो. एखाद्याच्या वळाची जखम होते, ती भरत नाही, आणि पुढे तिचाच कर्करोग होतो. तो सगळ्यांनाच का होत नाही, हे बाईंना शोधायचं होतं. पण त्यासाठी आधी वळ दिसायला हवा ना! आमच्याकडचा माणूस एकवेळ तिजोरी उघडून दाखवील, कंबर दाखवणार नाही. बाईमाणसाला तर नाहीच नाही.

म्हणून बाईंचे वडील पुंजाजी मदतीला आले. अकोल्याच्या कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, धोतर पांढरंशुभ्र, आवाज खणखणीत. बाळापूर असो की बार्शीटाकळी, बाईंच्या तपासणी शिबिरात तेच पुढे. "लाजता काहून? डॉक्टर माही पोरगी हाये," म्हणत एकेकाला पडद्याआड पाठवायचे. आत कंपाउंडर शालिकराम कंबर बघायचा आणि जखम असेल तरच बाईंना बोलवायचा.

लोकांची तऱ्हा काय सांगू! डॉक्टरीणबाई येणार म्हटल्यावर अदब म्हणून सगळे रोजच्यापेक्षा घट्ट धोतर नेसून यायचे. ज्याला वळ नव्हता त्यालाही दुपारपर्यंत उठायचा. बाई कपाळाला हात लावायच्या.

एसटीत माझी पेटी पुंजाजींच्या मांडीवर असायची. खड्डा आला की ते ओठ आवळायचे आणि म्हणायचे, हा जर्मन लय वजनी हाये. मला आपला अभिमानच वाटायचा.

परतवाड्याच्या शिबिरात शेषराव पाटील हटून बसले. त्यांच्यामागे सगळी रांग. ते म्हणाले, "पुंजाजी, पयले तुमी जा पडद्यामागं. मंग आमी."

रांग खो खो हसली. पुंजाजी हसले नाहीत. ते नाही म्हणाले असते तर सगळे उठून घरी गेले असते. ते आत गेले. शालिकराम बाहेर आला तो मान खाली घालून, आणि त्याने बाईंना बोलावलं. धोतराच्या घडीखाली कापसाचा बोळा होता, बोळ्याखाली जखम. एसटीत माझी पेटी दर खेपेला तिलाच टेकून बसत होती.

"बाबा, सांगतलं काहून नाही?"

"लोकायले दाखवाले सांगत होतो," पुंजाजी म्हणाले, "पन पोरीले दाखवाची लाज वाटे."

त्या जखमेचा तुकडा माझ्याखाली आला तेव्हा बाईंनी माझा स्क्रू तीन-तीनदा फिरवून पाहिला. मला त्या क्षणी आंधळं व्हावंसं वाटलं. पण मला जे दिसतं तेच दाखवावं लागतं. कर्करोगच होता. फार खोल गेला नव्हता, एवढंच सुदैव. नागपूरला शस्त्रक्रिया झाली आणि पुंजाजी वाचले. धोतर मात्र कायमचं सुटलं.

परत आल्यावर पायजमा सावरत त्यांनी माझ्यातून आपला रोग पाहिला. बराच वेळ पाहिला.

"एवढुसा हाये? अन् याच्यापायी मले पायजमा घालावा लागला?"

त्यानंतर ते शिबिरात आधी स्वतःचा सदरा वर करून व्रण दाखवायचे. रांग आपोआप पुढे सरकायची.

आता वच्छलाबाई मुंबईला आहेत. रोगाची खरी चावी पेशीच्या आतल्या रेणूंमध्ये आहे म्हणतात, आणि ते मला दिसत नाहीत. ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी इथं कपाटात धूळ खातोय. कधीमधी पुंजाजी येतात, पायजम्याच्या नाडीशी झटापट करत माझी भिंगं पुसतात.

मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. एवढंच ऐका. कमरेची गाठ जरा सैल बांधा. आणि जखम भरत नसेल तर गावाला सांगणं राहू द्या, आधी पोरीला दाखवा.