दीड वीत हिरवे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची तबकडी आहे आणि दिसेनासे होणे हा माझा धंदा आहे. हसू नका. ताटे, थाळ्या, झाकणे या माझ्या भावंडांना चारचौघांत मिरवायला मिळते. मला मात्र दोरीला बांधून तळ्यात सोडतात आणि मी किती खोलवर नाहीशी होते तेवढेच पाहतात.

जन्माने मी रंगाच्या मोठ्या डब्याचे झाकण. मासे पाळणाऱ्या अप्पांनी मला ठोकून सपाट केले, मधोमध भोक पाडून दोरी ओवली आणि बुडावे म्हणून पोटाखाली एक जड लोखंडी नट अडकवला. त्यांची थोरली लेक तेव्हा दुसरीत होती. तिने माझे चार भाग आखले आणि दोन पांढरे, दोन काळे रंगवले. एका जागी कुंचला घसरला, तेव्हा ती रडकुंडीला आली. "राहू दे गं," अप्पा म्हणाले, "मासे काय मार्क देणार आहेत का?" मग त्यांनी माझ्या दोरीला वीत वीत अंतरावर गाठी मारल्या.

सकाळचे ऊन पाण्यात उतरले की अप्पा बांधावर ओणवे होत आणि मला हळूच खाली सोडत. पहिली गाठ बुडे, दुसरीपर्यंतची दोरी निम्मी बुडे आणि मी हिरव्या पाण्यात विरून जाई. "दीड वीत!" असे स्वतःशीच म्हणत अप्पा खुशीत घरी जात. मी त्याहून खोल गेले तरी दिसत राहिले, तर पाणी उपाशी आहे असे समजून ते कुजलेले शेणखत टाकत. एका वितीच्या आतच गडप झाले, तर पाण्याला अजीर्ण झाले म्हणून ताजे पाणी सोडत.

खाली काय असे ते सांगू का? तो हिरवा रंग म्हणजे बारीक शेवाळ. ते खाणारे सुईच्या टोकाएवढे जीव माझ्याभोवती तरंगत. उन्हाचे कवडसे त्यांच्यातून झिरपत येत आणि सगळे पाणी सावकाश श्वास घेत आहे असे वाटे. मोठे मासे गाळात तोंड खुपसून गोगलगायी, अळ्या, किडे शोधत. दिवसभर हिंडून खाणारे ते मासे अंगाने घट्ट होते. वळले की त्यांचे खवले तांब्यासारखे चमकत. मी तिथे लटकत असताना कितीदा तरी माझा डोळा लागल्यासारखे होई.

पुढे अप्पांच्या डोळ्यांवर पडदा आला. कारभार थोरलीकडे गेला. पोर कामाला वाघ, पण टापटिपीचे भारी वेड. तिने मोठ्या तळ्याचा गाळ काढला, पिल्लांसाठीचे लहान तळे घासूनपुसून लख्ख केले आणि दोन्हींत बोअरचे स्वच्छ पाणी भरले. माशांना पोत्यांतल्या तयार गोळ्या सुरू झाल्या. येणारे-जाणारे म्हणू लागले, "वा! पाणी आहे की आरसा?" त्या पाण्यात मी तळाला टेकले तरी वरून लख्ख दिसे. थोरली मला सगळ्यांना कौतुकाने दाखवी. खोटे कशाला बोलू, मीही हुरळून गेले. इतकी वर्षे लपण्यात घालवल्यावर कुणी आपल्याकडे टक लावून पाहिले की डोके फिरतेच.

माशांकडे मात्र माझे लक्ष होते. त्यांचे हिंडणे थांबले. ते पायरीपाशी घोळका करून गोळ्यांची वाट पाहत बसत. ते फुगले, पण फिके पडले. मासे विकणाऱ्या बाईने एकदा एक उचलून दाबला आणि तोंड वाकडे केले. "बोटाचा खड्डा भरून येत नाही गं याच्या अंगावर. आजारी आहे का हा?" थोरलीने ते मनावर घेतले नाही.

मग तो आठवडा आला. अप्पांनी तीस वर्षे निवडून जपलेल्या कुळातल्या दोनच म्हाताऱ्या माद्या उरल्या होत्या. त्यांनी अंडी दिली. पुढच्या वर्षी त्या अंडी देतील याची काहीच खात्री नव्हती. पिल्ले फुटली, पापणीच्या केसाएवढी. पहिले तीन दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीतल्या शिदोरीवर निघाले. चौथ्या दिवशी थोरलीने त्यांना लहान तळ्यात सोडले आणि गोळ्या दळून त्यांचे पीठ पाण्यावर भुरभुरले.

मी तिथेच लटकत होते. एक पिल्लू पिठाच्या कणापाशी आले, त्याला नाक लावले आणि मागे फिरले. तो कण त्याच्या डोक्याएवढा होता. दुसरे आले, तेही फिरले. इतक्या स्वच्छ पाण्यात त्यांच्या तोंडात मावेल असे काहीच नव्हते. मला सगळे दिसत होते आणि मला जीभ नव्हती. दुसऱ्या सकाळी काठाला पांढरी रेघ उमटली होती. ती मेलेल्या पिल्लांची होती.

थोरली ओट्यावर सुन्न बसली. अप्पा चहा पीत होते.

"तबकडी कितीवर जाते गं?"

"जातच नाही, अप्पा. तळापर्यंत दिसते. इतकं स्वच्छ ठेवलंय मी, तरी मरतायत."

अप्पांनी कप खाली ठेवला. "अगं, मग ती खातात काय?"

"पीठ घालतेय ना!"

"त्यांच्या तोंडात मावतं का ते?"

"तुम्हाला सगळं जुनंच बरं वाटतं," असे म्हणून ती तणतणत तळ्यावर आली. पण आल्यावर तिने काचेच्या पेल्यात चार पिल्ले धरली आणि उन्हासमोर उचलली. त्यांची पोटे रिकामी होती, आरपार दिसणारी. मग बादली उचलून पळाली ती थेट शेजारच्या बदकवाल्या काकूंच्या डबक्याकडे.

"काकू, तुमचं पाणी हवंय. हिरवं आहे ना, तेच."

"कालपर्यंत नाक धरून जात होतीस की इथून!" काकू म्हणाल्या. पण दुसरी बादली त्यांनीच भरली.

पिल्ले खाणारे पाणकिडे येऊ नयेत म्हणून जुन्या सुती चादरीतून गाळत दोघी संध्याकाळपर्यंत बादल्या ओतत होत्या. थोरलीने खताचे पोतेही पाण्यात सोडले. चमत्कार झाला नाही, मित्रांनो. काठावरची रेघ आणखी दोन दिवस उमटली. थोरली ती रोज ओंजळीने गोळा करी. मला वाईट वाटे, आणि मी मिरवले याची लाजही.

पाचव्या सकाळी तिने मला सोडले. पहिली गाठ बुडाली. दुसरीपर्यंतची दोरी निम्मी बुडाली आणि मला माझ्याभोवती ते ओळखीचे झोपाळू हिरवेपण जाणवले.

"अप्पा, दिसेना! अप्पा, दिसेनाशी झाली!" तिचा आवाज मला पाण्याखाली ऐकू आला. माझे असे कौतुक आजवर कुणी केले नव्हते.

तिच्या खांद्यावर हात ठेवून अप्पा काठाशी आले. खाली बसून त्यांनी मनगटापर्यंत हात पाण्यात घातला आणि स्थिर धरला.

"किती राहिली असतील गं?"

"माहीत नाही, अप्पा. पाण्यात काहीच दिसत नाही."

"मग बरं आहे," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने त्यांची बोटे किंचित हलली. कुणीतरी तिथे चोच लावल्यासारखे तोंड लावून पाहिले होते. अप्पांनी हात काढला नाही. "आहेत गं," ते हळूच म्हणाले, "आहेत."

मित्रांनो, माझा रंग आता उडत चालला आहे आणि दोरीही विरली आहे, पण माझे मागणे तुमच्यासाठी आहे. कुणाला वाढवायला घ्याल तेव्हा त्याच्या तोंडात काय मावते ते आधी पाहा. आणि हिरव्या तळ्याकाठी गेलात तर नाक मुरडू नका, दगडही मारू नका. जिथे तुम्हाला काहीच दिसत नसते, तिथे कुणीतरी पोटभर जेवत असते.