ओठांवरचे सूर

गंगाधरच्या गिरणीत साच्यांचा, म्हणजे कापडाच्या मागांचा, खडखडाट असा, की सकाळी मारलेली हाक जेवणाच्या सुट्टीत ऐकू यायची. खोटं वाटत असेल तर परळला येऊन विचारा. फक्त आमच्या चाळीत विचारू नका, तिथे मला थापाड्या म्हणतात.

वीस वर्षं साच्यांवर काढून गंगाधर ठार बहिरा झाला. साचेवाले एकमेकांचे ओठ वाचतात, तसंच तो घरीही करायचा. पण भजनात पेटी वाजवलेला माणूस, गाणं सुटेना. मग त्याची मुलगी शकू शब्द टाकून सगळी गाणी सरगममध्ये म्हणायची आणि हा तिच्या ओठांवरून सा, रे, ग वाचत मनात चाल बांधायचा. म आणि प, दोन्हींना ओठ मिटतात, म्हणून पंचमाला ती भुवई उडवायची. पहिली पाळी सुटली की गॅलरीत हा कार्यक्रम.

छप्पन साली शकू संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत गायली. लालबागला तिने वरचा सा लावला की भायखळ्याचे भाजीवाले भाव सांगायचे थांबायचे. पुढच्या पावसाळ्यात घशात गाठ निघाली. इस्पितळातून शकू परतली, आवाज परतला नाही.

तिने पाटीवर लिहून साऱ्या चाळीला दाखवलं: अप्पांना कळता कामा नये, त्यांना दुसरं सुख नाही. आम्ही गंगाधरला सांगितलं, गाठ गेली, गळा शाबूत आहे.

संध्याकाळी ती गॅलरीत बसून नुसते ओठ हलवायची. आम्ही माना डोलवायचो. गाण्याचा तिटकारा असलेली सुंदराबाई तोंड भरून वा म्हणायची. मी डोळे पुसायचो, त्यात मात्र थाप नव्हती.

दिवाळीत गंगाधर खुशीत आला. म्हणाला, आज हाताने ऐकतो. त्याने शकूच्या गळ्यावर तळवा ठेवला. चालता साचा आणि बंद साचा हाताला कळणारा माणूस तो. शकू थांबली नाही, थेट निषादापर्यंत गेली. हात तिथेच होता. सुंदराबाई वा म्हणायची विसरली.

"निषाद गोड लागला, बाय," गंगाधर म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच गाऊ लागला. तू एकटी दमतेस, म्हणाला. सातातला एकही सूर जागेवर नव्हता. शकूचा कान शाबूत होता, तिला सगळं कळत होतं. ती त्याच्याबरोबर ओठ हलवत राहायची.

तो मध्येच थांबून विचारायचा, "बरोबर लागतोय ना गं?"

शकू हो म्हणून मान हलवायची.