दिव्याच्या हुकमातला बोर्ड

मित्रांनो, तीन वर्षे एक पत्र माझ्या अंगाखाली पडून होते. ते मला आलेले नव्हते, पण त्यात माझ्याविषयी लिहिले होते. त्याला उत्तर गेले नाही आणि त्यापायी माझ्यावर काय वेळ आली, ते सांगतो.

मी एक जुना विजेचा बोर्ड आहे. आजोबांच्या धाकट्या भावाने, वायरमनकाकांनी, मला घरी बनवले. आजोबा विसराळू. टेबलावरचा दिवा मालवून उठत, पण पंखा आणि रेडिओ चालूच राहत. म्हणून काकांनी मला एक लाल जागा दिली. तिच्यात दिव्याची पिन. दिवा वीज ओढू लागला की मला जाणवे आणि मी पंख्याला, रेडिओला वीज सोडत असे. दिवा विझला की सगळे बंद. "दादा, आता खुशाल विसर," काका म्हणाले होते. बावीस वर्षे मी एकदाही चुकलो नाही.

पुढे काका दूर लेकीकडे राहायला गेले. तिथून ते पत्र आले. आजोबांनी ते मोठ्याने वाचले आणि उत्तर लिहायला बसले. "छे, फारच कोरडं झालं." कागद फाडला. "हे तर रडगाणं झालं." तोही फाडला. उद्या लिहू म्हणून, वाऱ्याने उडू नये अशा बेताने, पत्र माझ्याखाली सरकवले. तो उद्या काही उजाडला नाही.

गेल्या आठवड्यात सूनबाईंनी दिव्याला नवा एलईडी बल्ब लावला. उजेड लख्ख, पण वीज इतकी थोडी ओढतो की तो लागल्याचे मला कळेचना. पंखा थांबला. रेडिओ मुका झाला.

"बाबा, तुमच्या बोर्डाने मान टाकली. खाली भंगारवाला आलाय, देऊन टाकते."

"अगं, माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असेल."

"तुम्ही कधी कशाला हात लावता? मग बिघडेल कसं?"

मी धडधाकट आहे, असे मला ओरडून सांगायचे होते. पण मला तोंड कुठे आहे? सांगण्यासारखे सगळे त्या पत्रात होते आणि त्याच्यावर मीच बसलो होतो.

सूनबाईंनी मला उचलले, तसा तो कागद आजोबांच्या पायाशी पडला. त्यांनी चष्मा लावून वाचले: 'दादा, कमी विजेचा बल्ब लावलास तर बोर्डाला तो जाणवणार नाही. पाठीवरचा स्क्रू जरा फिरवावा लागेल. तू हात लावू नकोस. मला कळव, मी येतो. तेवढंच निमित्त.'

"एवढंच ना? आणा, मी फिरवते दोन मिनिटांत."

आजोबांनी मला तिच्या हातून घेऊन छातीशी धरले. "नको. त्यालाच येऊ दे."

मित्रांनो, एखादी वस्तू गप्प झाली म्हणजे मेली असे समजू नका. आधी तिच्या जाणकाराला विचारा. आणि विचारायला फार उशीर करू नका.

आजोबांनी दोनच ओळी लिहिल्या: 'बल्ब बदलला आहे. ये.' पाकीट चिकटवले. काकांचा पत्ता अजून तोच असेल का, त्यांचे हात आता थरथरू लागले नसतील ना, मला काहीच कळायला मार्ग नाही. मी टेबलावर बंद पडून आहे. खिडकीतून कोपऱ्यावरची टपालपेटी तेवढी दिसते. आजोबा तिच्यापाशी गेले, थांबले, दोन पावले मागे फिरले. पुन्हा गेले. हात पेटीत गेला आणि रिकामा बाहेर आला.