टोलमनची झेप आणि तीन मिनिटं

व्हर्डेल टोलमनला पाहुण्यांचा कंटाळा मुळीच नव्हता. उलट पाहुणे येणार म्हटलं की त्याला चेव यायचा. टिंकर वेल्स या वाळवंटातल्या गावाच्या लाल खडकांमधून त्याने कुदळ आणि पहार घेऊन स्वतःच्या हातांनी चौदा मैलांची सायकलची वाट काढली होती, आणि ती नव्या माणसाला दाखवताना त्रेसष्टाव्या वर्षीही तो तहानभूक विसरायचा. पण त्या ऑक्टोबरात बायको, नेडा, सकाळी सकाळी म्हणाली, "माझी शाळेतली मैत्रीण येतेय, आयव्ही पेलेटिए. व्हर्माँटहून. सायकल घेऊनच येतेय." आणि मग सहज पुढे जोडलं, "तीस वर्षं जंगलखात्यात होती. चोरून शिकार करणाऱ्यांना पावलांच्या ठशांवरून पकडायची." तेव्हा मात्र व्हर्डेलला कॉफीचा ठसका लागला.

"कशावरून?"

"ठशांवरून. माणूस किती वजनाचा, काय उचलून नेत होता, खोटारडा आहे का, सगळं सांगते म्हणे."

"ठशावरून खोटारडा कसा कळेल? काहीतरीच!"

"ते तिलाच विचार," नेडा म्हणाली आणि शिलाई मशीनकडे वळली. मशीनशेजारी सायकलवाल्यांच्या चड्ड्यांचा ढीग पडला होता. गावातले सगळे आपल्या चड्ड्या दुरुस्तीला तिच्याकडेच टाकायचे. दार वाजवायचे, पिशवी तिच्या हातात कोंबायचे आणि हवापाण्याच्या दोन गप्पा मारून सटकायचे. कशी फाटली, कुठे फाटली, हे कुणी सांगायचं नाही आणि नेडा विचारायची नाही. बाई तोंडाची फार पक्की.

आता, यात ठसका लागण्यासारखं काय होतं ते सांगायला हवं. वाटेच्या अकराव्या मैलावर खडकाचा एक उभा उतार आहे, दोन पुरुष उंचीचा. वर पाटी आहे: 'टोलमनची झेप'. त्या मुलखातली रीतच आहे, एखाद्या अवघड जागेवरून जो पहिल्यांदा सायकल खाली नेईल त्याचं नाव त्या जागेला. आणि टोलमनने ती झेप जन्मात कधी घेतली नव्हती.

त्याचं झालं असं. अकरा वर्षांपूर्वी वाट पुरी झाली त्या दिवशी त्याने त्या काठावर पुढचं चाक नेलं, खाली पाहिलं आणि चाक मागे ओढलं. इकडे तिकडे बघून त्याने सायकल उजव्या खांद्यावर टाकली आणि कडेच्या मातीतून गुपचूप चालत खाली उतरला. खाली सायकलवर टांग टाकून धापा टाकतोय, तोच मागून बॉनी आली. बॉनी अरागॉन, गावातल्या सायकल-दुकानाची मालकीण. व्हर्डेल शाळेची बस चालवायचा, लहानपणी ती त्याच्याच बसमधून जायची, तेव्हापासून तो तिचा 'मिस्टर टोलमन'. वरून वाकून तिने पाहिलं आणि किंचाळली, "मिस्टर टोलमन! तुम्ही इथून आलात?" व्हर्डेल हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. आठवड्याभरात पाटी लागली.

मग पाटी सांभाळण्यासाठी त्याने एक नियम काढला. झेपेच्या अलीकडे वळणावर जुनिपरचं एक जुनं झाड आहे. तिथे सगळ्यांनी थांबायचं, आणि एकेकाने, तीन-तीन मिनिटांच्या अंतराने पुढे जायचं. "धूळ बसू द्यायची, पुढच्याला वाट मोकळी द्यायची," असं तो गंभीर चेहऱ्याने सांगे. त्या वळणापलीकडचं काही दिसत नाही. गावाला नियम इतका पटला की कुणी कधी 'का' म्हणून विचारलं नाही. विचारायला हवं होतं, नाही का? पण नाही विचारलं.

इथवर ठीक होतं. गोची झाली ती मातीची. त्या वाळवंटात मातीवर एक काळी, खडबडीत खपली असते. ती जिवंत असते. तिच्यावर एक पाऊल पडलं की भरून यायला माणसाचं आयुष्य जातं. हे साऱ्या गावाला घसा फोडून शिकवलं ते व्हर्डेलनेच. आणि झेपेच्या कडेने जी माती होती ती हीच. दोन वर्षांपूर्वी बॉनीला तिथे ठसे दिसले तेव्हा गावच्या सभेत आगडोंब उसळला. सगळ्यांत मोठ्याने व्हर्डेल ओरडला. "सापडू दे तो चोर! शरद ऋतूतल्या गावजेवणाला त्याच्या डोक्यावर रबरी कोंबडीची टोपी घाला, आणि वाटेवर कुठे त्याचं नाव असेल तर खरवडून काढा!" ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. टाळ्या व्हर्डेलनेही वाजवल्या, काय करतो बिचारा.

आयव्ही आली. उंच, सडपातळ, पांढऱ्या वेणीची, कमी बोलणारी. सोबत मेपलच्या पाकाची मोठी बाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनीच्या दुकानात हिरव्या मिरचीचे बरिटो खाताना नेडानेच विषय काढला. "बॉनी, आयव्ही ठसे वाचते बरं का."

बॉनीने हातातला बरिटो खाली ठेवला. "खरंच? अहो, मग देवच पावला! आमचा चोर शोधून द्या. दोन वर्षं मिस्टर टोलमनना झोप नाही त्याच्यापायी."

"ते खरं आहे," व्हर्डेल म्हणाला. निदान एवढं तरी खरं होतं.

निघाल्यावर पहिल्या मैलापासून त्याने सुरू केलं. आधी गुडघा दुखला. मग मांडीत गोळा आला. बॉनीने लोणच्याच्या आंबट पाण्याची बाटली पुढे केली, गोळ्यावर रामबाण म्हणून, आणि त्याला ती घटाघटा संपवावी लागली. मग चाकातली हवा कमी वाटली. मग म्हणाला, "आभाळ भरून आलंय." वर एक ढग असेल तर शपथ.

"व्हर्डेल," आयव्ही मागून म्हणाली, "आमच्याकडे चिखल आणि ओली मुळं. असा कोरडा, चाक धरून ठेवणारा खडक मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. तू स्वर्ग बांधलायस."

एरवी या वाक्यावर तो महिनाभर जगला असता. आज त्याने नुसती लोणच्याच्या पाण्याची रिकामी बाटली बॉनीला परत केली.

जुनिपरपाशी सायकली टेकवून बॉनीने आयव्हीला खडकावरूनच झेपेच्या काठाशी नेलं. व्हर्डेल मागून आला, ओढत आणल्यासारखा. आयव्ही खडकाच्या कडेवर गुडघे टेकून बसली, मातीवर हातसुद्धा टेकला नाही.

"नऊ ठसे," ती म्हणाली. "सगळे एकाच माणसाचे. आणि बरेच जुने. दहाएक वर्षं तो इथून जातोय."

"दहा वर्षं!" बॉनी म्हणाली. "हरामखोर!"

"थांब. दहा वर्षांत नऊच ठसे. दरवेळी तो जुन्या ठशातच पाय ठेवतो, नेमका. नवं ढेकूळ मोडू देत नाही. या मातीवर त्याची फार माया आहे."

"असल्या मायेला काय जाळायचंय?"

"उजवा पाय खोल गेलाय. उजव्या खांद्यावर ओझं, तीस पौंडांचं. आणि सगळे ठसे उतरतानाचे. चढतानाचा एकही नाही."

बॉनीने हिशेब जुळवला आणि तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे सायकल खांद्यावर टाकून! अगं बाई, म्हणजे हा आपल्यातलाच! झेपेला घाबरून कडेने पळणारा भित्रट!" ती हसली, पण का कोण जाणे, गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्याने हसली.

"डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली आहे," आयव्ही म्हणाली.

व्हर्डेलने डावी टाच हळूच उजव्या पायामागे दडवली. आयव्हीने ते पाहिलं. तिने व्हर्डेलच्या बुटाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, मग उतारावरच्या खडकाकडे, आणि गुडघे झटकत उठली.

"ओळखलंत?" बॉनीने विचारलं.

"जनावर ओळखलं. म्हातारं आहे, दुष्ट नाही. पुन्हा इथून जातं का ते बघायचं."

"बघूच! बरं, चला, नियम म्हणजे नियम. आम्ही जुनिपरपाशी थांबतो. मिस्टर टोलमन, तुम्ही पुढे व्हा. तीन मिनिटं."

दोघी वळणामागे गेल्या आणि व्हर्डेल सायकल धरून काठावर एकटा उरला. डावीकडे त्याचे नऊ ठसे, ओळखीच्या पायऱ्यांसारखे. पाय टाकायचा अवकाश, अर्ध्या मिनिटात खाली. आयव्ही काही बोलणार नव्हती, हे त्याला कळून चुकलं होतं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. झेप घेतली नाही याची नव्हे, त्याची सवय झाली होती. बसच्या तिसऱ्या बाकावरून "मिस्टर टोलमन, खिडकी उघडत नाही" म्हणणारी ती पोरगी अकरा वर्षं त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत होती, आणि तो तिच्याच जिवंत मातीवर पाय देत होता.

"बॉनी!" तो ओरडला. "इकडे ये! दोघी या! तीन मिनिटं नकोत!"

दोघी धावत आल्या. "काय झालं? पडलात की काय?"

"पडलो नाही. पडायला आधी जावं लागतं. बॉनी, मी ही झेप कधीच घेतली नाही. पहिल्या दिवशीही नाही. ते ठसे माझे आहेत."

बॉनीने ठशांकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे.

"आणि आज मी मातीवर पाय ठेवणार नाही," व्हर्डेल म्हणाला. सायकलवर बसून खाली जायची हिंमत त्याच्यात आजही नव्हती. मग उरलं काय? त्याने सायकल शेजारी आडवी धरली, काठावर बूड टेकलं, डोळे मिटले आणि सोडून दिलं. खडकाने खर्रर्र आवाज केला, त्यातच कापड फाटल्याचा टर्रर्र आवाज मिसळला, आणि टिंकर वेल्सच्या वाटेचा जनक सायकलसकट खालच्या वाळूत जाऊन आपटला.

त्याने वर पाहिलं. बॉनी हसत नव्हती. ती काठाशी आली, थोडी उजवीकडे सरकली, सायकल मांडीवर घेतली, आणि एका दमात, जराही न अडखळता, बसल्या बसल्या घसरत खाली आली. उठली. मागची धूळ झटकली.

"जरा उजवीकडे बसायचं असतं, मिस्टर टोलमन," ती मान खाली घालून म्हणाली. "तिथे खरखर कमी आहे."

"तू?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही खाली गेलात, मग मला कसं म्हणता येईल जमत नाही म्हणून? मला वाटलं, अख्ख्या गावात मीच एकटी भित्री."

"एकटी नाहीस," वरून आयव्ही म्हणाली. "रबराने खडक काळा पडतो. हा बघ, मधोमध नुसता चकाकतोय. हे कापडाचं काम आहे. आणि एकट्या बॉनीच्या बुडाने एवढी चकाकी येत नाही."

व्हर्डेल आणि बॉनीने वर पाहिलं. हातभर रुंदीचा पट्टा उन्हात आरशासारखा लखलखत होता. याच चकाकीकडे बोट दाखवून व्हर्डेल पाहुण्यांना सांगायचा, बघा, किती चाकं गेली इथून! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गावातले एकेक चेहरे त्यांना आठवू लागले, दातांचे डॉक्टर, चर्चचे बिशप, पोस्टातल्या बाई, सगळे झेपेच्या गप्पा छाती फुगवून मारणारे, आणि दोघं वाळूत बसून पोट धरधरून हसले. बॉनी तर रडायलाच लागली.

"मी काय करू?" आयव्हीने वरून विचारलं.

"तुझी मर्जी," व्हर्डेल म्हणाला. "तुला जमेलही. जमलं तर तुझं नाव लागेल."

आयव्हीने उताराकडे नीट पाहिलं. "पाहुण्याने गावाची रीत मोडू नये," असं म्हणून ती खाली बसली.

परत जाताना व्हर्डेल खडकावरून वळसा घालून वर चढला आणि खिशातल्या हत्याराने पाटीचे चारही स्क्रू काढले. बॉनी म्हणाली, राहू द्या, आता काय फरक पडतो. तो म्हणाला, "घसरलं सगळं गाव, पण माती मी एकट्याने तुडवली. कोंबडीची टोपी माझीच." आणि पाटी पाठीवरच्या पिशवीत टाकली. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा हलकी निघाली.

घरी नेडा मशीनवर होती. व्हर्डेल तिच्यासमोर उभा राहिला, पाठ फिरवली आणि फाटलेली चड्डी दाखवली. नेडाने मशीन थांबवलं. त्या भोकात बोट घालून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"गावातल्या सगळ्यांची भोकं माझ्याकडे येतात," ती म्हणाली. "बिशपचीसुद्धा. नेमकी याच जागेवर. अकरा वर्षांत एकाच माणसाची चड्डी शाबूत. तू बसून जात नाहीस हे मला पहिल्या वर्षीच कळलं, आणि सायकलवरून जाण्याइतकी तुझी छाती नाही हे मला ठाऊकच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. तीन मिनिटं तीन मिनिटं करता करता अकरा वर्षं झाली रे. शेवटी कंटाळून आयव्हीला बोलावलं."

व्हर्डेल मटकन खाली बसला आणि कळवळून पुन्हा उभा राहिला. नेडाने त्याला जुनी पँट आणून दिली, फाटकी चड्डी ढिगात न टाकता सगळ्यांत वर ठेवली आणि दोऱ्यांचा डबा उघडला.

"काळा लावू?" तिने विचारलं. "काळ्यावर काळा, कळणारही नाही कुणाला."

"लाल लाव," व्हर्डेल म्हणाला. "चांगला दिसेल असा."