चांगल्या खोलीतली चकती

फिलोमिनाच्या घराचं पुढचं दार उघडं दिसलं आणि माझ्या हातातली पावाची पिशवी रस्त्यावर पडली.

आमच्या खाडीकाठच्या गावात पुढच्या दाराने कोणी येत-जात नाही. येणारा मागून येतो, स्वयंपाकघरात शिरतो, बूट काढतो आणि न विचारता किटली चढवतो. पुढचं दार फादरसाठी आणि शवपेटीसाठी. फिलोचं दार शेवटचं उघडलं ते माझा भाऊ, तिचा नवरा अँब्रोझ, त्यातून सहा जणांच्या खांद्यावरून बाहेर गेला तेव्हा. फादर व्हेलन तर त्या आठवड्यात गावात नव्हतेच. मग दार उघडलं कोणासाठी?

पाव तिथेच सोडून मी धावले. साठी उलटलेली बाई मी, गुडघे आधीच रुसलेले, त्यात धुकं असं की कुंपणाच्या खांबापलीकडे काही दिसेना. तासाभरापूर्वीच तर आम्ही दोघी खेकड्यांच्या कारखान्यातून बरोबर निघालो होतो. चढावर ती दोनदा थांबली. मी विचारलं, तर म्हणाली, "बूट चावतोय." मला ते पटलं नव्हतं. पण फिलोमिनाच्या तोंडून खरं काढायचं म्हणजे शिंपल्यातून मांस काढण्यापैकी, आणि माझ्या हातात तेव्हा सुरी नव्हती.

"फिलो! ए फिलो!"

आतून फक्त एक आवाज आला. खटक. मग फाटक्या भात्याचा अकॉर्डियन कोणी ओढावा तसा एक लांब श्वास, आणि पुन्हा खटक.

ती चांगल्या खोलीत होती. चांगली खोली आमच्याकडे घरोघरी असते. तिथे चांगला सोफा, येशूच्या हृदयाची तसबीर, काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे कप. त्या खोलीत कोणी बसत नाही. फिलो तर तिथे झाडू मारायलासुद्धा मोजे काढून जायची. आणि आज ती त्या सोफ्याच्या कडेवर कारखान्याचे पांढरे रबरी बूट घालून बसली होती. फिक्या गालिच्यावर खेकड्याचं पाणी उतरलं होतं. ही बाई मरायला टेकली असल्याशिवाय या गालिच्यावर बूट ठेवणार नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं.

दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानाला लागलेले, ओठ निळसर. काचेचं कपाट सताड उघडं, त्यातला एक कप आडवा. तिच्या पायाशी श्वासाचा निळा पंप पडलेला आणि हातात एक जांभळी चकती, दम्याचं औषध ओढायची, तळहातात मावेल एवढी. तिने तिची खिट्टी सरकवली. खटक. तोंडाला लावली. ओढायला गेली, पण ओढायला श्वास होताच कुठे!

"निळा… संपला," ती म्हणाली. एकेका शब्दासाठी तिला थांबावं लागत होतं. "ही… जोरकस… आहे."

"मग लागू का पडत नाही?"

तिने पुन्हा खटक केलं. तिचे डोळे मी शाळेपासून ओळखते. हिशेब चुकला तरी खाली न जाणारे डोळे ते. आता ते माझ्याकडे असे बघत होते की मीच तिच्यासाठी खिडकी आहे.

मी फोन आणला आणि रुग्णवाहिकेचा नंबर लावला. पलीकडे एक बाई होती, आवाजावरून माझ्या लेकीच्या वयाची.

"बोलता येतंय का त्यांना?" तिने विचारलं.

"एखादा शब्द. चकती ओढतेय सारखी. जांभळी."

"किती वेळा ओढली?"

"मला काय माहीत! खूप वेळा. मी आल्यापासून तेच चाललंय."

"ती आता बाजूला ठेवा. पुन्हा देऊ नका, काही झालं तरी. ती एकदम श्वास मोकळा करणारी नाही. निळा पंप आहे?"

"रिकामा."

"दुसऱ्या कोणाचा? शेजारीपाजारी? लगेच मिळेल असा?"

माझा हात आपोआप एप्रनच्या खिशात गेला. तिथे माझा निळा पंप होता, रुमालात गुंडाळलेला. गेला अख्खा हंगाम तो मी तिथे वागवत होते आणि कोणाला, अगदी फिलोलाही, त्याचा पत्ता नव्हता. कढईतून उकळत्या खेकड्यांची वाफ सुटते, ती आमच्या छातीत जाते. ज्याला ती बाधली त्याचा हंगाम संपला, आणि हंगाम पुरा झाला नाही तर हिवाळ्यात सरकारी भत्ता नाही. म्हणून बायका मोरीत जाऊन पंप ओढतात आणि बाहेर येऊन सर्दी झालीय म्हणतात. आम्ही दोघी नणंद-भावजय खेकडे वाहणाऱ्या एकाच पट्ट्यापाशी कोपराला कोपर लावून उभ्या राहत होतो, आणि एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो.

फिलोने माझ्या हातातला पंप पाहिला. त्या अवस्थेतसुद्धा तिच्या भुवया वर गेल्या.

"तू… पण?"

"गप्प बस पोरी. तोंड उघड."

फोनमधली बाई सांगत होती तसं मी करत गेले. ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. पंप हलवायचा. एक फवारा, श्वास आत, जमेल तेवढा धरायचा. मग पुढचा. पहिला फवारा तिच्या गालावर गेला.

"गाडी निघालीय," फोनमधली बाई म्हणाली. "रस्त्यावर धुकं आहे, पण निघालीय. मी फोनवरच आहे."

तो रस्ता मला माहीत आहे. इस्पितळ माळाच्या पलीकडे, मध्ये एक घर नाही, आणि धुक्यात मूस नावाची घोड्याएवढी हरणं रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहतात, त्यांना गाडीचं सोयरसुतक नसतं. मी मनातल्या मनात सगळ्या संतांची नावं घेतली. मग आठवेनात म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली.

फिलो खिडकीकडे बघत होती. सोफा आणि खिडकी यांच्यामधली जागा. अँब्रोझची पेटी आम्ही तिथेच ठेवली होती, दोन रात्री. ती काय बघतेय ते मला कळलं.

"बर्नी… इथे… नको. स्वयंपाकघरात… ने."

"हलवायचं नाही म्हणतात."

"इथे नको."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नवऱ्याच्या पेटीपाशीही ही बाई सगळ्यांसमोर रडली नव्हती. मी तिचा चेहरा हातात धरला. आम्ही नेहमी बोलतो तसंच बोलले.

"मग इथे मरूच नकोस ना! गालिच्याचं आधीच वाटोळं केलंयस. वर तू मेलीस तर तो धुवायला मलाच लागेल. खेकड्याचा वास जन्मात जात नाही."

ती हसायला गेली आणि ते हसू अर्ध्यावर अडकलं. त्या क्षणी मला वाटलं, मारलं मी हिला. मग छातीतून एक शीळ वाजली, बारीक, आणि तिच्या मागोमाग थोडी हवा आत गेली. मी पुढचा फवारा दिला. दारातून धुकं आत येत होतं आणि मला ते बंद करायचं भान नव्हतं. तिने ते कोणा पाहुण्यासाठी उघडलं नव्हतंच. हवेसाठी उघडलं होतं.

गाडी आली तेव्हा ती बसलेली होती. श्वास ओढताना गळ्याचा खळगा आत जात होता, पण बसलेली होती. गाडीतल्या माणसांनी तिच्या तोंडावर मास्क चढवला, तिला उचललं आणि जवळचं म्हणून पुढच्याच दाराने बाहेर काढलं. समोरच्या घरातली गर्टी फाटकात उभी होती. पुढच्या दारातून फिलोमिना स्ट्रेचरवरून बाहेर येताना बघून तिने छातीवर क्रूस केला आणि गळाच काढला. तेव्हा चादरीखालून एक हात वर आला आणि गर्टीकडे बघून हलला. गर्टी रडायची थांबली ती उचकी लागूनच. त्या दारातून उचलून नेलेलं आणि परत आलेलं माणूस आमच्या खाडीने तोवर पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी इस्पितळात फिलो उशांना टेकून बसली होती, नाकाला नळी. मॉरिन नावाची नर्स ती जांभळी चकती घेऊन आली आणि तिच्या कडेवरचा उरलेल्या मात्रांचा आकडा बघत म्हणाली, "मिसेस कियो, ही तुम्हाला थंडीत दिली होती. आतापर्यंत हिच्यासारख्या किती संपायला हव्या होत्या! आणि ही तर परवापर्यंत भरलेलीच असणार."

"जपून ठेवली होती," फिलो म्हणाली.

"कुठे?"

"चांगल्या कपांपाशी."

मॉरिन आमच्याच बाजूची. तिला हसू आलं नाही, तिला लगेच कळलं. तिच्याही आईच्या घरी कपाट असणार.

"डॉक्टर म्हणाले, दोन औषधं आहेत हिच्यात, जोरकस आहे," फिलो सांगत होती. "अशी वस्तू काय उठसूट वापरायची? वाईट दिवसासाठी ठेवली."

"ही रोजचीच आहे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बरं वाटत असलं तरी."

"बरं वाटत असताना? मग वाईट दिवसाला काय उरणार?"

"वाईट दिवसाला निळा पंप. पण ही रोज घेतलीत तर तो दिवस सहसा येत नाही. छातीतली सूज ही हळूहळू उतरवते, रोज थोडी थोडी. एकदम धाप लागली तर हिचा काही उपयोग नाही, आणि एकामागून एक ओढलीत तर काळीज घोड्यासारखं पळायला लागेल, ते संकट वेगळंच. निळा वरचेवर लागायला लागला, तर माझ्याकडे यायचं. कपाटाकडे जायचं नाही. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही."

"बरं."

"आणि घेतली की चूळ भरून थुंकायचं. गिळायचं नाही. नाहीतर तोंड आतून पांढरं होतं, बुरशी धरते."

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही? तुमच्या खिशात निळा पंप कुठून आला?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. फिलो उशीवरून म्हणाली, "तिलाही तपासा. चांगली कसून तपासा. सर्दी झालीय म्हणते." आजारी माणसाला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

तपासणीनंतर मला उकळीपासून लांब, अंगणापलीकडच्या शेडमध्ये खोकी बांधायला हलवलं. मलाही एक चकती मिळाली. फिलोला मात्र डॉक्टरांनी कारखान्याचं फाटक कायमचं बंद केलं. तिच्यासारखी खेकड्याच्या पायातलं मांस एका झटक्यात अख्खं सोडवणारी बाई पट्ट्यावर दुसरी नव्हती. तिची सुरी मी घरी नेऊन दिली. तिने ती धुतली, पुसली आणि पाव कापायला ठेवली. आता वारा कारखान्याकडून वाहायला लागला की ती खिडक्या लावून घेते, आणि काचेतून वाफेकडे बघत बसते.

जांभळी चकती आता स्वयंपाकघरातल्या मोरीच्या वर असते, साबणाशेजारी. चूळ भरायला तिने कपाटातला सोनेरी काठाचा कप काढला. मी विचारलं, तर म्हणाली, "कोणाची वाट बघतोय तो कप?" त्याचा कान या हिवाळ्यात तुटला. फादर व्हेलन आले तेव्हा तिने त्यांना मगातून चहा दिला, तोही स्वयंपाकघरात बसवून. फादरनी दोनदा मागून घेतला.

हे सगळं ठीक आहे. पण माझी भीती गेलेली नाही. पूर्वी आम्ही दोघी चढ बरोबर उतरायचो. आता मी एकटी निघते आणि तिच्या घरापाशी आले की थांबते. आधी पुढचं दार बघते. ते बंद असतं. मग मागे वळसा घालते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राहते. भोंगा झालेला असतो, पुढे गेलेल्या बायका हाका मारतात, "अगं बर्नी, चल ना! तिथे काय पुरलंयस?" मी हलत नाही.

आतून खटक ऐकू येतं. मग एक श्वास, लांब, गुळगुळीत. मग ती श्वास धरून ठेवते तेवढा वेळ काहीच नाही, आणि तो वेळ मला फार मोठा वाटतो. मग नळ, आणि गुळण्या. फिलोमिना कियो गुळण्यासुद्धा प्रार्थनेच्या चालीवर करते.

ती मोरीत थुंकल्याचा आवाज आला, की मग मी कामाला जाते.