अठ्ठेचाळीस ठोके

हौसाने झुंबरबाईंच्या मनगटावरची बोटं काढली नाहीत. घड्याळाचा काटा पुरा फेरा मारून आला होता. अठ्ठेचाळीस. तिने पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीसच.

दुसऱ्या हातात डिगॉक्सिनची गोळी होती. हृदयाला बळ देणारं औषध. पण नाडी साठाच्या खाली असेल तर द्यायचं नाही, आधी डॉक्टरांना कळवायचं. रोग्याला मळमळलं, डोळ्यांपुढे पिवळं दिसू लागलं, तर तेच औषध अंगात साचून विष होतंय असं समजायचं. हे मीनाक्षी सिस्टरनीच शिकवलं होतं, नर्सिंगच्या साऱ्या वर्गाकडून तीनतीनदा म्हणवून घेऊन.

"पोरी, भिंत पिवळी रंगवली व्हय गं?" झुंबरबाईंनी विचारलं.

भिंत पांढरी होती.

"आठची गोळी अजून हातातच?" मागे मीनाक्षी सिस्टर उभ्या होत्या.

"सिस्टर, नाडी अठ्ठेचाळीस हाय. आणि ह्यांना पिवळं..."

"हाय?" सिस्टर वॉर्डाकडे वळून म्हणाल्या, "उचगावात म्हशी मोजत होती, आता डॉक्टरांचं लिहिलेलं तपासतेय."

दोन-तीन खाटांवरून हसू आलं. हौसाचे कान तापले.

"तुम्ही एकदा मोजून बघा की."

सिस्टरचा चेहरा उतरला आणि मग कठीण झाला. त्यांनी झुंबरबाईंच्या मनगटाला हात लावला नाही.

"दे. माझ्यासमोर दे. नाहीतर ट्रंक उचल आणि चालू लाग. उचगाव काही लांब नाही."

हौसाने म्हातारीच्या मानेखाली हात घालून डोकं उचललं. झुंबरबाईंनी काही न विचारता तोंड उघडलं.

साडेदहाला उलटी झाली. बाराच्या सुमारास हौसाच्या बोटांना नाडी लागेना. डॉक्टर धावत आले, छाती दाबत राहिले आणि थोड्या वेळाने त्यांनी हात काढून घेतले.

सिस्टरनी नाडीचा कोरा तक्ता तिच्यापुढे ठेवला.

"सकाळची लिही. शहात्तर."

हौसाने लिहिलं. अठ्ठेचाळीस लिहिलेला जुना तक्ता घडी होऊन सिस्टरच्या खिशात गेला.

झुंबरबाईंचा मुलगा हंबीरराव दारात उभा होता. धिप्पाड गडी.

"घरचं काही खायला घातलंत का त्यांना?" सिस्टरनी विचारलं.

"पहाटं घोटभर आंबील दिलती. लई मागत हुती."

"हृदयाच्या रोग्याला? पथ्य सांगितलं होतं ना?" एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

हंबीरराव भिंतीला टेकून खाली बसला. हातातला रिकामा डबा घरंगळत हौसाच्या पायाशी आला.

"बाई, म्या मारली व्हय आईला?"

हौसाने व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. सिस्टर अजून दिसत होत्या. ती वाकली, डबा उचलला, पदरासारखा ॲप्रनचा कोपरा धरून पुसला, झाकण घट्ट लावलं.

"थोडीच प्यायल्या असतील त्या," ती म्हणाली.

हंबीररावाने मान हलवली.

"न्हाय बाई. वाटी भरून पाजली म्या."